सोलापूर रस्त्यावरून आणलेली १४० हंगामी रोपे: पाच महिन्यांनंतरचा अभिप्राय

रोपवाटिकेबद्दलचा अभिप्राय बहुतेक लोक रोपे घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहितात, आणि त्या दिवशी प्रत्येक रोप सुंदरच दिसते. मी मुद्दाम पाच महिने थांबले. ३ नोव्हेंबरला पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून मी हिवाळी हंगामी फुलांची १४० रोपे, बियांची तीन पाकिटे आणि तयार मातीची चार पोती घेतली. काही रोपे कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या वाफ्यांत लावली, काही माझ्या गॅलरीतल्या चौदा कुंड्यांत लावली, आणि कोणत्या रोपाचे काय झाले ते एका जुन्या डायरीत लिहीत गेले. आता मार्च संपत आला आहे आणि वाफ्यांत डायँथस सोडल्यास फारसे काही उरलेले नाही, तेव्हा हिशेब मांडायला हरकत नाही. रोपवाटिकेचे नाव मी देत नाही. माझ्या काही तक्रारी गंभीर आहेत, आणि हडपसर सोडल्यावर उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या रोपवाटिका लागतात त्यांपैकी आणखी काही ठिकाणीही मी हेच पाहिले असल्यामुळे एकाच दुकानाला वेठीस धरणे मला बरोबर वाटत नाही.

या रोपवाटिकेचे दोन भाग आहेत, आणि माझ्या मते ती दोन निराळी दुकानेच आहेत. रस्त्यालगतच्या भागात फुललेल्या रोपांची आरास असते: काळ्या पिशव्यांतले जांभळे-गुलाबी पेटुनिया, चार इंची कुंड्यांतल्या टपोऱ्या पॅन्सी, नुकत्याच पाणी मारलेल्या आणि म्हणून आणखीच चमकणाऱ्या. गिऱ्हाईक येथेच थांबते, येथेच खरेदी करते आणि गाडीत बसते. या भागाच्या मागे, मातीचे ढिगारे आणि रिकाम्या कुंड्यांची उतरंड ओलांडली की हिरव्या शेडनेटखाली प्रो-ट्रे मांडलेले दिसतात. एकेका ट्रेमध्ये १०४ खाचा, प्रत्येक खाचेत बोटभर उंचीचे एक रोप, आणि फुलाचा मागमूस नाही. मालकांनी मला पुढेच अडवले होते. "मॅडम, फूल बघून घ्या, म्हणजे रंग चुकायला नको," हे त्यांचे म्हणणे वरवर पाहता चोख होते, आणि त्याला भुलून मी पुढच्या भागातून २० पेटुनिया आणि २० पॅन्सी घेतल्याही. पिशव्या भरून देणाऱ्या मावशींनी मात्र मालकांची पाठ वळताच हळूच सांगितले, "ताई, एवढी न्यायची असतील तर मागची न्या. ही दमलेली आहेत." रोप दमते ही कल्पना मला तेव्हा गमतीची वाटली, आणि पुढचे सगळे महिने मी तेच शब्द घोळवत राहिले.

मागच्या भागातून मी पेटुनियाची २०, डायँथसची २५, अँटिर्हिनम म्हणजे आपल्याकडे ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात त्याची ३० आणि फ्लॉक्सची २५ रोपे घेतली. दर असे होते: ट्रेमधले रोप ८ रुपये, पिशवीतला फुललेला पेटुनिया २५ रुपये, कुंडीतली पॅन्सी ४० रुपये. म्हणजे मागच्या शंभर रोपांना ८०० रुपये पडले आणि पुढच्या चाळीस रोपांना १३०० रुपये. मातीचे पोते १८० रुपयांना आणि बियांचे पाकीट ४० रुपयांना धरून एकूण २९४० रुपये झाले. हातात मिळालेल्या कागदावर मात्र "रोपे – २९४०" एवढाच मजकूर होता, आणि तपशील मागितला तेव्हा मालकांना तो उगाच संशय घेतल्यासारखा वाटला.

दोन्हीकडचे पेटुनिया माझ्याकडे सारख्याच संख्येने आले होते, तेव्हा त्यांची तुलना करण्याचा मोह आवरणे अशक्य होते. आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफ्यात मी दहा-दहा रोपांच्या चार ओळी केल्या. दोन ओळी पुढच्या भागातल्या फुललेल्या रोपांच्या आणि दोन मागच्या भागातल्या पोरसवदा रोपांच्या, एक सोडून एक. माती तीच, पाणी तेच, दुपारी एकपर्यंतचे पूर्वेचे ऊन तेच. पहिले तीन आठवडे सोसायटीतली माणसे मागच्या ओळींकडे पाहून मला विचारीत की ही कोथिंबीर आहे का. त्यातच मी त्या ओळींतल्या प्रत्येक रोपाचा शेंडा खुडला, आणि आमच्या उद्यान समितीच्या एका सदस्यांनी त्यावर लेखी नाराजी कळवली. त्यांना मी हरभऱ्याचे उदाहरण दिले. हरभऱ्याचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडतात, तेव्हा झाडाचे नुकसान होत नाही, उलट बाजूने फुटवे येऊन घाटे वाढतात. पेटुनियाचेही तसेच असते, फक्त घाट्यांच्या जागी फुले येतात. खुडल्यानंतर रोप जमिनीलगत पसरू लागते, आणि ते पसरणे हेच या फुलझाडाचे खरे सौंदर्य आहे.

मागच्या ओळींतले पहिले फूल १९ डिसेंबरला उमलले. तोपर्यंत पुढच्या ओळी रोज फुलत होत्या आणि मी मनातल्या मनात हार पत्करली होती. जानेवारीच्या मध्यास चित्र पालटले. पुढच्या ओळींतली रोपे खालून बोडकी झाली, लांबलचक काड्यांच्या टोकाला एक-दोन फुले एवढेच त्यांचे रूप उरले, आणि २० पैकी ७ मेली. मागच्या २० पैकी एकच गेले, तेही चेंडू लागून. प्रजासत्ताक दिनाला मी पट्टी घेऊन मोजले तेव्हा मागच्या ओळींतले सर्वांत पसरट रोप ४२ सेंटिमीटर रुंद होते. मार्चचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत ती फुलत राहिली. म्हणजे २५ रुपयांच्या रोपाने मला सुमारे दहा आठवडे फुले दिली, त्यांतले निम्मे दिवस केविलवाणी, आणि ८ रुपयांच्या रोपाने बारा आठवडे भरघोस फुले दिली.

याचे कारण गूढ नाही. पेटुनिया मूळचा दक्षिण अमेरिकेतला, फ्लॉक्स टेक्ससमधला, अँटिर्हिनम आणि कॅलेंडुला भूमध्य समुद्राच्या आसपासचे. ज्या देशांत हिवाळ्यात सगळे गोठते तेथे यांतली बरीच वसंतात लावतात, पण आपल्याकडे त्यांना रब्बीच्या पिकासारखेच वागवावे लागते. पाऊस ओसरला की पेरायचे, ऑक्टोबरचा उकाडा शेडनेटखाली काढायचा, रात्री गार होऊ लागल्या की नोव्हेंबरमध्ये लावायचे, आणि गव्हाप्रमाणे मार्चच्या उन्हात त्यांचा निरोप घ्यायचा. या सगळ्या आयुष्यात मुळे वाढवायचा काळ फार थोडा असतो. पुढच्या भागातल्या रोपाने तो काळ तीन इंची पिशवीत कोंडून घालवलेला असतो; मुळांना पसरायला जागा नाही, वरून रोज भरपूर पाणी, अधूनमधून खताचा डोस, मग ते घाईघाईने फुलते. फुललेले रोप म्हणजे संसार उरकत आणलेले रोप. वार्षिक फुलझाडाला बी धरले की आपले काम झाले असे वाटते, आणि फुलासकट विकत घेतलेल्या रोपात ही घाई आधीच शिरलेली असते.

पॅन्सीच्या बाबतीत मात्र तक्रारीचा मोठा भाग माझ्याच वाट्याला येतो. ८०० रुपयांच्या वीस पॅन्सी मी गॅलरीतल्या सात कुंड्यांत लावल्या, आणि गॅलरी पश्चिमेची आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हिवाळ्यातल्या रात्री मुंबईपेक्षा चांगल्याच गार असतात. १७ जानेवारी १९३५ रोजी तर पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पॅन्सीला त्या थंडीचे काहीच वाटले नसते. तिला मारते ती दुपार. डिसेंबरातही आपल्याकडे दिवसाचे तापमान २८-३० अंशांवर जाते, आणि पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कुंडीत दुपारी तीन वाजता बोट खुपसले तर माती कोमट लागते. हे सगळे मला माहीत होते आणि तरीही मी त्या तेथे ठेवल्या, कारण गॅलरीत बसून चहा पिताना त्या समोर हव्या होत्या.

पण केवळ उन्हाने त्या गेल्या नाहीत, हे जानेवारीत एक मेलेले रोप उपटल्यावर कळले. कुंडीतले माझे मिश्रण ओलसर होते, बोटांना गार लागत होते, आणि त्याच्या मधोमध लाल मातीची एक हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, होती, बेसनाच्या लाडवाएवढी, आणि लाडवासारखीच घट्ट. ती मी फरशीवर टेकवून खुरप्याने फोडली. आत भुगा निघाला, कोरडा ठणठणीत. मुळे त्या लाडवाच्या बाहेर आलीच नव्हती. आतल्या आत गोल फिरून त्यांची जाळी झाली होती. रोज घातलेले पाणी सैल मिश्रणातून बाजूने निघून जात होते आणि घट्ट हुंडीत शिरतच नव्हते. दोन महिने मी ओल्या कुंडीत रोप तहानेने मारत होते. रोपवाटिकेत मला निघताना बजावले होते की हुंडी फोडू नका, मूळ दुखावेल. आंब्याच्या कलमाला हा सल्ला ठीक आहे. चिकणमातीत भरलेल्या हंगामी रोपाला तो घातक आहे. उरलेल्या रोपांच्या हुंड्या मी बादलीत दहा-दहा मिनिटे बुडवल्या, बुडबुडे थांबल्यावर बोटांनी कडेची माती सोडवली आणि त्यांना पूर्वेच्या जिन्यात हलवले. वीसपैकी नऊ वाचल्या आणि फेब्रुवारीत त्यांनी खरोखर सुरेख फुले दिली. पण ४० रुपयांना घेतलेल्या रोपाच्या बाबतीत असे जीव वाचवण्याचे उद्योग करावे लागू नयेत.

ट्रेमधल्या रोपांना हा दोष नाही, कारण ती कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात आणि खाचेतून निघताना त्यांच्या मुळांची सुबक पांढरी सुरळी बाहेर येते. मागच्या शेडमधल्या शंभरपैकी एकाही रोपाचे मूळ काळे पडलेले नव्हते, एकही खोडाशी कुजून कोलमडलेले नव्हते. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात पेटुनियासारख्या धुळीएवढ्या बारीक बियांची रोपे, ज्यांचे एका ग्रॅममध्ये हजारो दाणे मावतात, निरोगी वाढवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि या रोपवाटिकेला ते उत्तम साधते. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे, आणि ते बहुधा त्या मावशींना आणि त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या बायकांना द्यावे लागेल.

मातीबद्दल चांगले लिहिण्यासारखे काही नाही. पोत्यावर "तयार माती" असे छापलेले आहे, तेव्हा एक बारा इंची कुंडी मी ती माती जशीच्या तशी भरून पाहिली आणि तिच्यात दोन लिटर पाणी ओतले. पाणी वर तळ्यासारखे साचले. ते जिरायला सहा मिनिटे लागली आणि खालच्या भोकातून पहिला थेंब चौदाव्या मिनिटाला पडला. दोन दिवसांनी तीच माती वरून तडकली आणि कुंडीच्या कडेपासून सुटून आत आली. पोत्यात जवळजवळ सगळी लाल माती होती, शेणखत नावापुरते होते आणि ते नीट कुजलेलेही नव्हते. शेवटी ती माती एक भाग, दोनदा धुऊन खारटपणा काढलेले कोकोपीट एक भाग आणि सोसायटीच्या खड्ड्यातले पालापाचोळ्याचे खत एक भाग असे मिश्रण केले, त्यात ओंजळभर निंबोळी पेंड घातली, तेव्हा तेच दोन लिटर पाणी मिनिटाच्या आत खालून वाहू लागले. ज्यांना पोते आणून थेट कुंडी भरायची आहे त्यांनी ही माती घेऊ नये. ज्यांना मिश्रण करायचेच आहे त्यांना नुसती लाल माती त्याच रस्त्यावर याहून पुष्कळ स्वस्त मिळते. पोती दुसऱ्या दिवशी घरपोच मिळणार होती, ती तिसऱ्या दिवशी आली, आणि त्यांतले एक फाटलेले होते. टेम्पोवाल्याने ती चौकीदाराच्या खुर्चीशेजारी टाकून दिली होती.

अँटिर्हिनम मी पांढरा मागितला होता. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत उंच पांढऱ्या तुऱ्यांची एक रांग असावी असे माझे चित्र होते, आणि ट्रेत खोचलेल्या काडीवर "पांढरा" असे लिहिलेलेही होते. जानेवारीत तीस रोपांतून सहा पांढरी, बाकी पिवळी, तांबडी आणि एक विचित्र विटकरी अशी निघाली. फोन केला तेव्हा मालकांनी वाद घातला नाही. "काडी बदलली असणार मॅडम, ट्रे धुताना पोरं काढून ठेवतात," असे म्हणून त्यांनी कॅलेंडुलाची दहा रोपे बिनमोल देऊ केली आणि ती खरोखर पाठवलीही. डॉग फ्लॉवरच्या फुलांना सोसायटीतली मुले दोन बोटांत धरून दाबतात आणि त्यांचे तोंड उघडते तेव्हा किंचाळतात. मुलांना रंगाशी काही देणेघेणे नव्हते. तरीही ज्यांना रंगसंगती साधायची आहे त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की फूल पाहून घ्या हा पुढच्या भागातला सल्ला मागच्या भागातल्या गलथानपणावर बेतलेला आहे. ट्रेवरच्या काड्या सांभाळल्या तर त्या सल्ल्याची गरजच उरणार नाही.

डायँथस सर्वांत कमी लाडांत वाढला आणि सर्वांत जास्त टिकला. हा वाफा फाटकाजवळ असल्यामुळे सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पिशव्यांच्या अगदी वाटेवर होता, आणि पूजेसाठी दुसऱ्याच्या झाडाची फुले तोडणे हे पुण्यात पाप मानले जात नाही. जानेवारीत मी पाटी लावण्याच्या बेतात होते. मग ध्यानात आले की तोडलेल्या फुलाला बी धरता येत नाही आणि म्हणून झाड पुन्हा कळ्या काढते. सहाही वाफ्यांत हाच वाफा सर्वांत दाट फुललेला होता. पाटी तशीच कपाटात राहिली. पेटुनियाच्या बाबतीत मात्र नुसती कोमेजलेली पाकळी ओढून उपयोग नसतो, कारण ती अलगद सुटून हातात येते आणि खाली हिरव्या निदलांत बोंड शाबूत राहते. ते बोंड देठासकट खुडावे लागते. आमच्या माळीकाकांना हे एकदा दाखवल्यावर पुढे कधी सांगावे लागले नाही. फ्लॉक्सने महिनाभर सुंदर रंग दाखवले आणि फेब्रुवारीत त्याच्यावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, आली.

या भुरीवरून मला रोपवाटिकेतल्या सर्वांत वाईट अनुभवाकडे वळावे लागते. औषध विचारायला मी पुन्हा तेथे गेले, तेव्हा पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलेले दुधाळ द्रव माझ्या हातात ठेवण्यात आले. बाटलीला चिठ्ठी नाही, औषधाचे नाव नाही, प्रमाण नाही, तारीख नाही. "सगळ्यावर चालतं, एक झाकण बादलीला," एवढीच माहिती. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार अशी औषधे विकायला परवाना लागतो आणि ती मूळ वेष्टनात, पूर्ण लेबलासह विकावी लागतात, ही गोष्ट या रस्त्यावर कोणाला ठाऊक नाही असे मला वाटत नाही. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात पाण्याच्या बाटलीत विष ठेवणे म्हणजे काय, हे मालकांना मी जरा चढ्या आवाजात सांगितले. बाटली तेथेच ठेवून आले. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक शेतीसेवा केंद्रातून सीलबंद पाकिटात घेतले, लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात सकाळी लवकर फवारले आणि रोग आटोक्यात आला. गंधक भर उन्हात फवारले तर पाने करपतात, हे त्या केंद्रातल्या मुलाने न विचारता सांगितले.

खताचा सल्लाही याच धाटणीचा होता. प्रत्येक रोपाला चिमूटभर डीएपी टाका, असे मला सांगण्यात आले होते. कोवळ्या खोडापाशी दाणेदार खत पडले की मुळे भाजतात, आणि कुंडीत तर हा धोका अधिक. मी लावणीनंतर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्केवारीचे) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, दर दहा दिवसांनी, आणि कळ्या दिसू लागल्यावर ०:५२:३४ त्याच मापाने दिले. तेवढे पुरले.

बियांची तीन पाकिटे नॅस्टर्शियम, स्वीट पी आणि लार्कस्पर यांची होती, आणि ती मी बियांतूनच घेतली याचे कारण असे की या तिघांनाही मूळ हलवलेले फारसे मानवत नाही. नॅस्टर्शियमच्या टपोऱ्या बिया चार कुंड्यांत टोचल्या. बारापैकी अकरा उगवल्या. त्यांना खत दाखवू नये, नाहीतर पानांच्या छत्र्याच पसरतात आणि फुले आत दडून बसतात. पाने मुळ्याच्या पाल्यासारखी झणझणीत लागतात, आणि त्यांतली बरीचशी नागअळीने आमच्या आधी खाल्ली. स्वीट पी रात्रभर भिजत घालून लावला आणि जिन्याच्या जाळीवर चढवला. फेब्रुवारीत त्याच्या वासाने तिसऱ्या मजल्यावरची मंडळी खाली उतरून चौकशी करून गेली. लार्कस्परचे मात्र नोव्हेंबरच्या आरंभी एकही बी उगवले नाही. पाकीट नीट पाहिले तेव्हा किमतीची चिकटपट्टी वापराच्या शेवटच्या तारखेवर बरोबर चिकटवलेली होती, आणि ती सोलल्यावर खाली दिसलेली तारीख जुलै महिन्यातली होती. लार्कस्परला उगवायला गारवा लागतो आणि त्या आठवड्यात दिवसा चांगलेच तापले होते, म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच पाकिटातले उरलेले बी पुन्हा पेरून पाहिले. चिमूटभरातून नऊ रोपे आली. तेव्हा निम्मा दोष हवेचा धरायला मी तयार आहे. चिकटपट्टीचा दोष हवेचा नाही.

या सगळ्यानंतर मी पुन्हा त्याच रोपवाटिकेत जाईन का, तर जाईन, पण थेट मागच्या शेडमध्ये, आणि फक्त ट्रेमधल्या रोपांसाठी. माती, औषध, खत आणि बी यांपैकी काहीही तेथून घेणार नाही. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मागच्या शेडला साडेचार, पुढच्या आराशीला दीड, आणि बाटलीतल्या औषधाला गुण देण्याची पद्धतच नसावी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन असते, आणि ते पाहून आलेली माणसे दुसऱ्या दिवशी रोपवाटिकांवर तुटून पडतात. मीही पूर्वी हेच करीत असे. त्या वेळी घेतलेल्या फुललेल्या रोपाला उन्हाळ्यापूर्वी जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात. पाहुणे येणार आहेत, घरात कार्य आहे, चार दिवस दाराशी रंग हवा आहे, अशा वेळी पुढच्या भागातली खरेदी अगदी योग्य आहे, आणि त्यासाठी २५ रुपये जास्त नाहीत. तो हार-तुऱ्याचा खर्च समजावा.

ट्रेमधली रोपे घ्यायला जाणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी नऊच्या आधी पोहोचावे, कारण त्यानंतर घाऊक घेणारे ट्रेच्या ट्रे उचलून नेतात आणि किरकोळ गिऱ्हाइकाला खाचांच्या कडेची खुरटलेली रोपे उरतात. रोपे मोकळी करून वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, तेव्हा सोबत उथळ खोके आणि ओले गोणपाट न्यावे, प्रत्येक पुडक्यावर फुलाचे नाव तेथेच आपल्या हाताने लिहावे, आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर त्याच दिवशी लावून टाकावीत. मावशी दुपारच्या जेवणापर्यंत शेडमध्ये असतात. पेटुनियाचे कोणते रोप घ्यावे असे त्यांना विचारले तर त्या उंच रोपाकडे बोट दाखवीत नाहीत. सर्वांत बुटके, जाड खोडाचे आणि गडद पानांचे रोप काढून देतात.